फोटो वाकडा, माणूस सरळ

परवा घराला चुना द्यायला काढला. आमच्या चिमूरकडे वर्षातून एकदा हा सोहळा घरोघरी होतो. भांडीकुंडी, गाद्या, पेट्या सारे अंगणात येते आणि घरच्यांपेक्षा शेजारचेच ते जास्त बारकाईने पाहतात. या वेळी आमच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. झाकणाला गंज धरला होता. नातवाने दगडाने ठोकून ठोकून तो उघडला. आत काय होते? दोन गोट्या, आर नसलेला एक भोवरा, आगपेट्यांचे छाप आणि रबराने बांधलेली क्रिकेटवाल्यांची तीस-चाळीस कार्डे.

हा खजिना आमच्या धाकट्या भावाचा. १९८७ साली तो शाळेत होता. त्या वर्षी विश्वचषक आपल्या देशात झाला आणि ३१ ऑक्टोबरला नागपूरला भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना होता. चेतन शर्माने ओळीने तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकुलते एक शतक काढले. आम्ही ते सारे पानठेल्यावरच्या रेडिओवर ऐकले. त्यानंतर गावातल्या पोरांना कार्डांचे वेडच लागले. बबलगमच्या पुडीत एक कार्ड निघे. पैसा कुठला? तेंदूपत्त्याच्या हंगामात पोरे मायसोबत पहाटे जंगलात जात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधत. फळीवर पत्ता मोजून झाला की त्यातले चार-आठ आणे पोराच्या हाती पडत. ते आणे थेट पानठेल्यावर जात. बबलगम दातांनाही घातक आणि खिशालाही, असे आमचे वडील म्हणत. पण पोरांना बबलगम नकोच होते, त्यांना आतला माणूस पाहिजे होता.

तर तो डबा उघडला आणि नातवंडे कार्डे पाहून अशी हसत सुटली की चुना लावणारा गडीही शिडीवरून खाली उतरला. हसण्यासारखेच होते, वाचकहो! एका नामांकित फलंदाजाचे डोळे अर्धे मिटलेले, जणू बॅट हातात घेऊन डुलकी लागली आहे. एका गोलंदाजाची छपाई सरकलेली, त्यामुळे मिशी एक ओठावर आणि दुसरी गालावर. एक यष्टिरक्षक असा वाकलेला की त्याचे काहीतरी हरवले आहे आणि तो ते गवतात शोधतो आहे. एकाने मोठ्या ऐटीने चेंडू पकडला आहे, पण फोटो कापणाऱ्याने चेंडूच कापून टाकला. आता तो माणूस दोन्ही हात आभाळाकडे करून पाऊस मागतो आहे असे दिसते.

नातू म्हणाला, "आबाजी, हा एवढा मोठा खेळाडू होता नं? मंग त्याचा फोटो असा येड्यावाणी काहून काढला?"

प्रश्न लहान, पण उत्तर लांबचे आहे. ते अमेरिकेपासून सुरू होते. ही कार्डांची चाल मुळात तिकडे बेसबॉलमध्ये रुजली. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. एक चेंडू फेकतो, दुसरा दांडक्याने मारतो आणि धावतो. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या तंबाखू कंपन्या सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षा त्यावर खेळाडूचे चित्र घातले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने १८८७ ते १८९० या काळात 'ओल्ड जज' नावाच्या सिगारेटबरोबर अशी कार्डे काढली. आता त्या वेळच्या कॅमेऱ्याला पळणारा माणूस किंवा उडणारा चेंडू टिपता येत नव्हता. मग केले काय? खेळाडूला स्टुडिओत नेले, मागे रंगवलेला पडदा लावला आणि चेंडू दोरीने छताला टांगला! खेळाडू त्या लोंबत्या चेंडूकडे डोळे वटारून पाहतो आहे, हात पुढे केले आहेत आणि दोरी फोटोत स्पष्ट दिसते आहे. लाखो कार्डे तशीच गेली.

आपल्या घोडायात्रेत फोटोवाल्याच्या तंबूत पुठ्ठ्याची मोटार असे, ती आठवते काय? तिच्या मागे उभे राहून आम्हीही स्टिअरिंग धरले होते. मोटारीला चाके दोन आणि खालून आमचे पाय दिसत होते. ओल्ड जजच्या खेळाडूला आम्ही कोणत्या तोंडाने हसावे?

पुढे सिगारेट मागे पडली आणि बबलगम आले. टॉप्स या कंपनीने १९५२ पासून दरवर्षी शेकडो खेळाडूंची कार्डे काढली आणि काही वर्षांत हा धंदा बहुतेक एकटीच्या हाती घेतला. काम मोठे आणि घाई त्याहून मोठी. चुका होणारच. १९५७ साली हँक आरन या थोर फलंदाजाचा फोटो उलटा छापला. आरन उजव्या हाताने खेळणारा, कार्डावर तो डावखुरा झाला. १९५९ साली ल्यू बर्डेट नावाच्या गोलंदाजाने फोटोवाल्याची गंमत केली. तो उजव्या हाताने चेंडू फेकणारा, पण मुद्दाम मोजा दुसऱ्या हातात घालून डावखुऱ्यासारखा उभा राहिला. कोणाच्याही ध्यानात आले नाही. कार्ड तसेच छापले आणि वर त्याच्या नावाचे स्पेलिंगही चुकवले.

सर्वांत मोठी गंमत १९६९ ची. ऑरेलिओ रॉड्रिग्ज हा मेक्सिकोचा खेळाडू तेव्हा कॅलिफोर्नियाच्या एंजल्स संघात होता. त्याच्या कार्डावर नाव त्याचे, माहिती त्याची, पण फोटो कोणाचा? संघाच्या बॅटी उचलून ठेवणाऱ्या पोऱ्याचा! तो पोऱ्या खुशाल बॅट घेऊन उभा राहिला, फोटोवाल्याने खटका दाबला आणि कंपनीने खेळाडू समजून देशभर त्याचा चेहरा वाटला. आजही लोक हे कार्ड दाखवून हसतात. आम्हीही वाचले तेव्हा हसलो. मग मनात आले, चेहरा देशभर गेला त्या पोऱ्याचा, पण नाव मात्र कार्डावर कुठेच नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. फोटो असे येडेवाकडे का? काही ठिकाणी घाई हे उत्तर आहे. पण अमेरिकेतल्या कार्डांवर दुसरीही एक खूण दिसते. खेळाडूच्या डोक्यावर टोपी नाही, मान वर केलेली, नजर आभाळाकडे, जणू घार कुठे फिरते ते पाहतो आहे. याचे कारण साधे होते. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात विकले जात. टोपीवर जुन्या संघाचे चिन्ह असले की फोटो वाया जाई. म्हणून फोटोवाला आधीच बिनटोपीचा एक फोटो काढून ठेवी. तोही नसला तर कंपनीचा चित्रकार जुन्या टोपीवर नवी टोपी रंगवी. ती कधी डोक्यापेक्षा मोठी होई, कधी कानावर बसे. माणूस विकला गेला आणि त्याला ते कळायच्या आधी त्याच्या डोक्यावर नवी टोपी रंगवून तयार! हे ऐकून हसू येते खरे, पण कंत्राटावर काम केलेल्या माणसाला त्या हसण्यात थोडे कडूही लागेल.

आणि या चेहऱ्याचे पैसे खेळाडूला किती? होतकरू पोरगा लहान संघात असतानाच कंपनीचा माणूस येई, पाच डॉलर हातावर ठेवी आणि सही घेई. पुढे तो मोठ्या संघात खेळू लागला की वर्षाचे १२५ डॉलर. कार्डे कितीही खपोत. १९६६ साली खेळाडूंच्या युनियनने मार्विन मिलर यांना आपले पुढारी नेमले. ते पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले. त्यांनी हिशेब मांडला आणि कंपनीकडे गेले. कंपनीने दाद दिली नाही. तेव्हा मिलर यांनी खेळाडूंना सांगितले, फोटोला उभे राहू नका. दगड नाही, घोषणा नाही, फक्त कॅमेऱ्यासमोर जायचे नाही. कंपनीची पंचाईत झाली. १९६८ आणि १९६९ ची कार्डे तिला जुन्याच फोटोंवर भागवावी लागली. कोणी बिनटोपीचा, कोणी मागच्या संघातला. शेवटी १९६८ च्या अखेरीस करार झाला. खेळाडूला वर्षाला २५० डॉलर आणि विक्रीत युनियनचा हिस्सा.

म्हणजे पहा, त्या वर्षांतले जे चेहरे लोकांना विनोदी वाटतात, त्यांतले कितीतरी एकजुटीमुळे तसे आहेत. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा कोळशाच्या खाणीत उभा जन्म घातलेल्या आमच्या वाचकांना यातली गोम वेगळी सांगायला नको.

पण ज्यांचा फोटो वाकडा आला ते एका अर्थी नशीबवानच. निदान आला तरी. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या मोठ्या संघांची दारे काळ्या खेळाडूंना बंद होती. त्यांचे वेगळे संघ, वेगळी स्पर्धा. त्यांत एकाहून एक खेळाडू होते, पण त्यांची कार्डे जवळजवळ निघालीच नाहीत. ज्याचा फोटो उलटा छापला तो हँक आरनही १९५२ साली अशाच काळ्यांच्या संघातून पुढे आलेला. १९७४ साली त्याने ७१५ वा होमरन मारून बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा विक्रम मोडला, तेव्हा त्याला धमक्यांची पत्रे आली होती. त्याचे उलटे कार्ड तरी आज लोक जपून ठेवतात. त्याच्या आधीच्यांचे जपायला उलटेसुलटे काहीच नाही.

आपल्याकडे पाहू. रणजितसिंहजी हे राजपुत्र इंग्लंडकडून क्रिकेट खेळले. त्यांचे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिगारेटच्या पाकिटांतून विलायतेत घरोघरी गेले. त्याच काळात पुण्याला पळवणकर बाळू नावाचा तरुण इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचे काम करत होता. चर्मकार समाजातला. खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यांतून तो डावखुरा गोलंदाज असा तयार झाला की पुण्यातल्या हिंदू क्लबला त्याला खेळवावेच लागले. मैदानात चेंडू सर्वांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या पुढारीपणाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. संघाची धूळधाण झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. त्या संघाचा फोटो आहे, त्यात बाळू आहेत, त्यांचे भाऊ शिवरामही आहेत. पण राजपुत्राचे चित्र जसे पाकिटापाकिटातून गेले, तसे बाळूंचे गेले नाही. आमच्या भावाच्या डब्यात चाळीस कार्डे आहेत. त्यांपैकी निम्म्यांचे नावही आज कोणाला आठवत नाही. बाळू त्यात नाहीत.

हे सारे नातवाला सांगून होते न होते तोच आमची आत्या काठी टेकत अंगणात आली. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अजून घारीची. चुन्याच्या पसाऱ्यात आमच्या ट्रंकेतले घरचे फोटोही उन्हाला ठेवले होते. त्यातला एक आत्याच्याच लग्नाचा, १९६० च्या सुमाराचा. वरोऱ्याहून फोटोवाला आला होता. पांढऱ्या लुगड्यातली आत्या, ताठ बसलेले मामंजी, मागे ओळीने माणसे. कोणाच्याच चेहऱ्यावर हसू नाही, जणू लग्न नव्हे, कोर्टात साक्ष आहे. आणि उजव्या कडेला एक पोरगा. त्याचा चेहरा पुसल्यासारखा, नाक कुठे आणि डोळे कुठे कळत नाही. आमच्या घरात त्या पोराला सारे 'भूत' म्हणत. आम्ही लहानपणी म्हणायचो, आमच्या मुलांनी म्हटले, आता नातवंडे म्हणतात. मध्ये एकदा फोटो फ्रेम करायचा विचार निघाला, तेव्हा ती कड कापून टाकावी असेही ठरले होते. पैशांअभावी राहिले.

नातीने तो फोटो आत्याला दाखवला आणि म्हणाली, "आजी, हे पा आपल्या घरचं भूत!"

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, "भूत कायचं व माय? हा माहा भाऊ होय. सर्वांत लहाना. फोटोवाल्यानं सांगतलं होतं, हालू नोको. पण याच्या पायाले मुंगी डसली, अन् हा हालला. माय त्याले लय रागावली होती."

आम्ही विचारले, "आत्या, हे काका आम्ही कधी पाहिले नाहीत."

"पाह्यसान कुठून? पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेला. तू जन्मला नोहतास. मायनं मंग त्याचं नाव कधी घेतलं नाही. लय रडे."

अंगण गप्प झाले. नातवाच्या हातातली कार्डे तशीच राहिली. आम्ही साठ वर्षे ज्याला हसलो, तो आमचा काका होता आणि जगात त्याची म्हणून राहिलेली एवढीच खूण, मुंगी चावली तेव्हाची. ती कड कापली असती तर? आणि आत्या त्या दिवशी आली नसती तर? फोटो उलटून पाहिला. मागे काहीच लिहिलेले नव्हते.

मग आम्ही ती क्रिकेटची कार्डे उलटून पाहिली. मिशी गालावर गेलेल्या त्या गोलंदाजाच्या पाठीमागे मात्र त्याचे नाव, जन्मगाव, किती सामने, किती बळी, सारे बारीक अक्षरांत छापलेले होते. कार्डाची खरी किंमत तिथे आहे, वाचकहो! तोंड वाकडे आले तरी मागे नाव असले की माणूस सरळ उभा राहतो. नाव नसले की राजबिंडा चेहराही भूत होतो. अमेरिकेतल्या त्या बॅटी उचलणाऱ्या पोऱ्याचे काय झाले ते आपण पाहिलेच.

किमतीवरून आठवले. टॉप्स कंपनीची १९५२ ची न खपलेली कार्डे पुढे पडवावर भरून समुद्रात नेऊन बुडवली, असे ती कार्डे बनवणाऱ्यानेच सांगून ठेवले आहे. त्याच मालिकेतले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. ज्याला कचरा म्हणून बुडवले, त्याला पुढे सोन्याहून जास्त मोल आले. आपल्या ट्रंकेतल्या फोटोंना बाजारात कोणी दोन रुपये देणार नाही. पण आपल्या माणसांबद्दल पुस्तके थोडी, कागद थोडे, जमिनीचे उतारे तर त्याहून थोडे. फोटो हाच कित्येक घरांत एकुलता एक पुरावा असतो की अमुक माणूस होता आणि तो असा दिसत होता.

म्हणून या रविवारी एक काम करा. ट्रंक उघडा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मधोमध बसवा. चहा द्या, घाई करू नका. एकेक फोटो त्यांच्या हाती द्या आणि ते काय सांगतात ते ऐका. मग फोटो पालथा करून सपाट पाटावर ठेवा आणि मागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहा : कोण, कोणाचा कोण, कोणते गाव, अंदाजे कोणते साल. डावीकडून उजवीकडे क्रमाने. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढून उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात घाला आणि पाकिटावर आधी लिहून घ्या. चिकटपट्टी लावू नका. पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकवू नका. आणि मोबाईलवाल्यांनो, तुमच्या फोनात हजार फोटो आहेत, पण मागे लिहायला त्यांना पाठच नाही. वर्षातून दहा तरी कागदावर काढून घ्या आणि त्यांवर नावे घाला.

आमच्या भावाला फोन करून डबा सापडल्याचे सांगितले. तो आता नागपूरला असतो, केस पांढरे झाले. पहिला प्रश्न काय विचारावा? "माहे कपिल देव किती आहेत? चार होते, नीट मोज!" मोजले. तीनच निघाले. चौथा कोणाच्या तरी पोराने त्या काळीच लांबवला असावा. त्यावरून दोघा म्हाताऱ्या भावांत फोनवर चांगलीच जुंपली.

आत्याच्या लग्नाच्या फोटोमागे आता नावे लिहिली आहेत. उजव्या कडेच्या पोराचे नाव नातीने आपल्या हाताने लिहिले. आत्याने ते वाचायला लावले, दोनदा. मग म्हणाली, "अन् मुंगीचंही लिव्ह." तेही लिहिले.